‘नाही’ म्हणणारा संगणक

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील भागात आष्टी हे तालुक्याचे गाव आहे. महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. बीड जिल्ह्यात एक आहे, गडचिरोली जिल्ह्यातही एक आहे. परंतु स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात जिचे नाव चिमूरच्या जोडीने घेतले जाते, ती वर्धा जिल्ह्यातील आष्टी होय. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथील लोक मोठ्या संख्येने पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला आणि गावकरी धारातीर्थी पडले. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. पुढे खटले चालले व कित्येकांना कठोर शिक्षा झाल्या. हा मुलूख त्या काळी ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात मोडत असे. ‘वऱ्हाड’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ज्यांनी तो दिवस जाणत्या वयात पाहिला, ती माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगती कोणी लिहून ठेवल्या असतील, तर तेवढाच आधार. समजा, आष्टीच्या एका शाळेत असे लिखाण होते. पूर्वी तेथे असलेल्या एका शिक्षकांनी २००३ साली गावातील वृद्धांना भेटून त्यांच्या आठवणी टिपल्या आणि शाळेच्या संगणकावर टंकलिखित करून ठेवल्या. पुढे ते शिक्षक निवृत्त होऊन वारले. तो संगणक मोडीत निघाला, तेव्हा त्यातील सर्व फायली नव्या संगणकाच्या ‘डी’ या विभागात उतरवून घेण्यात आल्या. त्यांकडे नंतर कोणी फिरकले नाही.

यंदा सातवीच्या मुलांनी हुतात्म्यांच्या स्मरणार्थ हस्तलिखित काढण्याचे योजिले. एका मुलाने संगणकासमोर बसून शोधाच्या चौकटीत ‘आष्टी’ असे टाईप केले. क्षणभराने उत्तर आले, की या शब्दाशी जुळणारे काहीही नाही. त्याने ‘हुतात्मा’ घालून पाहिले, ‘नागपंचमी’ घालून पाहिले. उत्तर तेच. “सर, फायली नाहीतच. कोणीतरी पुसून टाकल्या असतील,” असे म्हणून तो उठला, आणि हस्तलिखिताच्या कच्च्या प्रतीत ‘आमच्या शाळेत या प्रसंगाची नोंद उपलब्ध नाही’ असे वाक्यही लिहून मोकळा झाला. त्याच आठवड्यात ‘डी’ विभाग कोरा करून तेथे नवे पाठ भरावयाचे ठरले होते. तेव्हा हे एक वाक्य खरे मानण्यात किती धोका होता, हे निराळे सांगावयास नको.

वर्गातील एका मुलीला मात्र ते पटले नाही. “पण सर, संगणकाने कुठे कुठे पाहिलं?” असे तिने विचारले. प्रश्न साधा दिसतो. परंतु हा सारा पाठ त्याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

संगणकाला एखादा शब्द शोधावयास सांगितला, की तो आपल्या पोटातील एकूण एक फाईल उघडून वाचून पाहतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे तो सहसा करीत नाही. हजारो फायली एकेक करून वाचावयाच्या, तर उत्तर मिळण्यास फार वेळ लागेल. म्हणून त्याने आधीच एक सूची करून ठेवलेली असते. शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. आलेले प्रत्येक पत्र लिपिक तीत नोंदवितो आणि मग कपाटात ठेवतो. पुढे एखादे पत्र मागितले, तर तो कपाट उपसत बसत नाही, नोंदवही पाहतो. संगणकातही असाच एक अदृश्य लिपिक फावल्या वेळी काम करीत असतो. फायलींची नावे, त्यांच्या तारखा आणि पुष्कळदा त्यांतील शब्द तो सूचीत उतरवितो. आपण शब्द विचारला, की शोध घेतला जातो तो या सूचीत. विंडोज या प्रणालीत ही सूची करण्याचे काम २००७ साली आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून आपोआप होऊ लागले. ॲपलच्या मॅक संगणकात ‘स्पॉटलाइट’ नावाची अशीच सोय २००५ साली आली.

आता नोंदवही ज्या कारणांनी फसते, त्याच कारणांनी ही सूचीही फसते. पत्र कपाटात आहे, पण लिपिकाने ते नोंदविलेच नाही, असे झाले तर? विंडोजमध्ये हे नेहमी घडते, कारण तेथील लिपिकाला सर्वच कपाटे नेमून दिलेली नसतात. साधारणपणे वापरणाऱ्याची कागदपत्रे, चित्रे आणि समोरचा पडदा, म्हणजे डेस्कटॉप, एवढाच भाग तो आपण होऊन नोंदवितो. ‘डी’सारखा वेगळा विभाग किंवा बाहेरून लावलेला पेनड्राइव्ह त्याच्या हद्दीबाहेर राहतो. कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ या ठिकाणी गेले, की कोणकोणती ठिकाणे नोंदली जातात याची यादी दिसते, आणि ‘मॉडिफाय’ हे बटण दाबून त्या यादीत नव्या ठिकाणाची भर घालता येते. सरांनी यादी उघडली. तीत ‘डी’चे नाव नव्हते. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळाले.

नोंदविण्याचेही प्रकार असतात. एखादा लिपिक पाकिटावरचे नाव तेवढे लिहून घेतो, दुसरा पत्र उघडून आतील मजकूरही थोडक्यात टिपतो. संगणकाला कोणत्या जातीच्या फायलींचे केवळ नाव घ्यावे आणि कोणत्यांचा मजकूरही घ्यावा, हे सांगून ठेवलेले असते. ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात ते पाहता येते. जे ठिकाण सूचीत नाही, तेथे शोध घेतला तर विंडोज फक्त फायलींची नावे पाहते आणि मजकूर सोडून देते. मजकूरही पाहावा असे वाटत असेल, तर फोल्डरच्या पर्यायांत तशी खूण करावी लागते. अशा शोधाला वेळ लागतो. लागेना का!

शिवाय लिपिकाचे काम अपुरे राहिलेले असू शकते. कोणी संगणकावर काम करीत असताना तो आपला हात आखडता घेतो, आणि मांडीवरचा संगणक वीज गेल्यामुळे बॅटरीवर चालत असेल, तर कित्येकदा काम थांबवूनच ठेवतो. नवे ठिकाण नेमून दिल्यावर ताबडतोब शोध घेऊन निराश होण्यात अर्थ नाही. सूची पूर्ण झाल्याचे तेथेच लिहून येते, तोवर थांबावे. क्वचित प्रसंगी सूचीच बिघडते. कालपर्यंत सापडणारी फाईल आज जागच्या जागी असूनही सापडेनाशी झाली, तर हा संशय घ्यावा. त्यावर ‘रीबिल्ड’ हा उपाय असतो. त्याने जुनी सूची टाकून देऊन नवी केली जाते. यात मूळ फायलींना धक्का लागत नाही. जुनी नोंदवही फाडली, तरी कपाटातील पत्रे कोठे जातात?

सरांनी ‘डी’ विभाग यादीत घातला आणि सूची पूर्ण होऊ दिली. मुलाने पुन्हा ‘आष्टी’ शोधले. उत्तर आले, ‘काही नाही’.

येथे बहुतेक लोक हात टेकतात. त्या मुलीने एक युक्ती केली. तिने ‘डी’ विभागातच एक नवी फाईल तयार केली, तीत ‘चिंचोके’ एवढा एकच शब्द लिहिला आणि थोड्या वेळाने तो शोधावयास लावला. ती फाईल तत्काळ सापडली. म्हणजे लिपिक जागेवर होता, त्याला ‘डी’चे कपाट ठाऊक होते आणि तो मजकूरही वाचीत होता. तरीही ‘आष्टी’ सापडत नव्हती, तर दोष सूचीत नसून शब्दात असला पाहिजे. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न यंत्राला विचारून पाहावा. वैद्य, घड्याळजी आणि विहिरीवरचा पंप दुरुस्त करणारा कारागीर हीच रीत चालवितात. चिंचोक्यांचा असा उपयोग पूर्वी कोणी केला असेल की नाही, कोण जाणे.

शब्दात दोष असेल तो कसा, हे समजण्यासाठी थोडे व्याकरण आठवावे लागेल. नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी त्याच्या रूपात जो बदल होतो, त्याला सामान्यरूप म्हणतात. ‘शाळा’ या शब्दाला ‘त’ लागला, की ‘शाळात’ न होता ‘शाळेत’ होते. ‘हुतात्मा’चे ‘हुतात्म्यांना’, ‘ठाणे’चे ‘ठाण्यावर’ होते. मराठी माणसाला हे शब्द एकाच घरचे वाटतात. संगणकातील साधा शोध मात्र अक्षरे ओळीने ताडून पाहतो, आणि तीही बहुधा शब्दाच्या आरंभापासून. ‘शाळा’ शोधली, तर ‘शाळेत’ सापडत नाही. ‘ठाणे’ शोधले, तर ‘पोलीस ठाण्यावर चालून गेले’ हे वाक्य हुकते. अशा वेळी शब्दाचा न बदलणारा आरंभच तेवढा द्यावा: ‘शाळ’, ‘ठाण’, ‘हुतात्म’. ‘ठाण’ शोधताना अनेक भलत्या शब्दांचीही गर्दी होईल. परंतु नको ते बाजूस सारणे सोपे असते. इंग्रजी भाषेत नामांची रूपे इतकी बदलत नाहीत, म्हणून त्या भाषेच्या माणसांना ही अडचण फारशी जाणवत नाही.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. जुन्या पिढीतील लोक ‘गांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे लिहीत. अनुच्चारित अनुस्वारही द्यावे असा तेव्हाचा नियम होता. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि त्यांत १९७२ साली आणखी भर पडली. त्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. परंतु ज्यांचा हात त्यापूर्वी वळला होता, ते आयुष्यभर ‘गांव’च लिहीत राहिले. संगणकाला हा इतिहास ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने ‘गांव’ आणि ‘गाव’ हे ‘बैल’ आणि ‘बेल’ यांच्याइतकेच वेगळे शब्द आहेत. तेव्हा जुने लिखाण शोधताना जुन्या पद्धतीने लिहून पाहणे अगत्याचे ठरते.

आता ‘वऱ्हाड’ या शब्दाकडे वळू. संगणक अक्षरे साठवीत नाही. तो क्रमांक साठवितो. जगातील बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठराविक क्रमांक देण्याची जी पद्धती आज सर्वत्र चालते, तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीचा समावेश पहिल्यापासूनच होता. या पद्धतीत साध्या ‘र’चा क्रमांक २३५२ आहे. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांत जो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ येतो, तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत त्यासाठी २३५३ क्रमांकाचे निराळे अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत साधा २३५२ घेऊन, हलन्त देऊन, त्यापुढे ८२०५ क्रमांकाची एक न दिसणारी खूण घालतात. कागदावर वा पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. शोधताना मात्र एका रीतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या रीतीच्या ‘वऱ्हाडा’शी जुळेलच असा भरवसा नाही. ज्या खुणेला रूप नाही, तिच्यापायी एक प्रांतच्या प्रांत हरवावा, ही गोष्ट मोठी विलक्षण खरी. यावर उपाय असा, की पापणीचा ‘र’ टाळून त्याच लिखाणातील दुसरा एखादा शब्द, जसे ‘मध्यप्रांत’, शोधावा. किंवा समोर असलेल्या कोणत्याही फाईलीतून तो शब्द जसाच्या तसा उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवावा.

मुलांनी हे सारे करून पाहिले. ‘गांव’ शोधले, ‘ठाण’ शोधले, ‘मध्यप्रांत’ शोधले. काही सापडले नाही. तेव्हा सरांनी निराळा मार्ग धरला. शब्द जुळत नसतील, तर शब्द सोडून द्यावे. फाईलीला मजकुराखेरीज इतरही लक्षणे असतात. तिची जात कोणती, आकार केवढा, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, या गोष्टी कोणत्याही भाषेवर अवलंबून नसतात. फाईल एका संगणकातून दुसऱ्यात उतरविली, की ‘तयार केल्याची तारीख’ साधारणतः बदलून उतरविल्या दिवसाची होते. परंतु ‘शेवटच्या दुरुस्तीची तारीख’ जुनीच राहते. आठवणी २००३ साली लिहिल्या गेल्या, हे तर ठाऊक होतेच. ‘डी’ विभागातील फायली दुरुस्तीच्या तारखेप्रमाणे लावल्या, तेव्हा त्या वर्षातील चौदा फायली खाली आल्या. त्यांत तीन ‘वर्ड’च्या होत्या आणि त्यांची नावे ‘एनपी ४२ एक’, ‘एनपी ४२ दोन’, ‘एनपी ४२ तीन’ अशी रोमन लिपीत होती. एनपी म्हणजे नागपंचमी, हे ओळखण्यास मुलांना क्षणही लागला नाही. १९९५ पूर्वीच्या संगणकांत फाईलीचे नाव आठ अक्षरांत बसवावे लागे. ज्यांनी त्या काळी काम शिकले, त्यांना आखूड नावांची सवय पुढेही राहिली. सवयीचा दोष नाही, परंतु अशी नावे शोधणाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत.

मोठ्या उत्सुकतेने पहिली फाईल उघडली. आत रोमन अक्षरांचा नुसता कचरा होता. उद्गारचिन्हे, अवतरणचिन्हे, मध्येच मोठी अक्षरे. अर्थ कशाचाच लागेना. “फाईल खराब झाली आहे,” असे तो मुलगा म्हणाला. कार्यालयातील बाबूजी सहज तेथून चालले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि पहिल्या ओळीतील जे, के, ई या तीन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, “अरे, हे तर राम आहे! हे कृतिदेवमध्ये टाईप केलेलं आहे.”

येथे गाठ उकलली. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी लिहिण्यासाठी जे फॉन्ट वापरात होते, त्यांची रचना एका चतुर फसवणुकीवर आधारलेली होती. संगणकाला रोमन अक्षरेच येत. म्हणून रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे चढविली गेली. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘जे’च्या जागी ‘र’ दिसतो, ‘के’च्या जागी काना आणि ‘ई’च्या जागी ‘म’. फॉन्ट बसविलेला असेल, तोवर पडद्यावर ‘राम’ दिसतो. संगणकाच्या स्मरणात मात्र ती तीन रोमन अक्षरेच असतात. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे फॉन्ट असे कितीतरी प्रकार चालत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. विंडोजमध्ये देवनागरी लिहिण्यावाचण्याची सोय मुळात आली ती २००० सालच्या आवृत्तीत. त्यानंतरही कित्येक वर्षे कार्यालयांत, छापखान्यांत आणि शाळांत जुनेच फॉन्ट चालू राहिले. त्या वर्षांत टंकलिखित झालेले मराठीतील प्रचंड लिखाण आजच्या शोधाला अशा रीतीने आंधळे आहे.

‘आष्टी’ हाच शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो पाच क्रमांकांचा आहे: आ २३१०, ष २३५९, हलन्त २३८१, ट २३३५ आणि दीर्घ ईकार २३६८. कृतिदेवमध्येही तो पाच खुणांचाच होतो, परंतु त्या खुणा म्हणजे लहान व्ही, के, दुहेरी अवतरणचिन्ह, मोठा व्ही आणि एच. त्यांचे क्रमांक ११८, १०७, ३४, ८६ आणि १०४. दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहा. एकही क्रमांक समान नाही. मुलाने जेव्हा जेव्हा ‘आष्टी’ विचारले, तेव्हा तेव्हा संगणकाने २३१० पासून सुरू होणारी मालिका शोधली आणि ती कोठेही नव्हती. त्याचे उत्तर खोटे नव्हते. अवतरणचिन्हाने तर आणखी घोळ केला होता. सूची करणारा लिपिक ते विरामचिन्ह समजतो आणि तेथे शब्द तोडतो, त्यामुळे आष्टीचे दोन तुकडे होऊन दोन ठिकाणी नोंदले गेले होते.

बाबूजींनी जुन्या पेनड्राइव्हमधून कृतिदेव आणून बसविला, आणि क्षणात कचऱ्याचे मराठी झाले. गावातील एका वृद्धेने सांगितलेली हकिगत पडद्यावर उभी राहिली: नागपंचमीचा स्वयंपाक चुलीवर तसाच राहिला होता, आणि बाहेर गेलेली माणसे परत येईनात. मुले वाचत असताना कोणी बोलले नाही.

तथापि फॉन्ट बसविल्याने वाचता येते, शोधता येत नाही; आतील क्रमांक जसेच्या तसे राहतात. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये पालटून घ्यावा लागतो. तसे करणारी साधने विनामूल्य मिळतात, परंतु त्यांच्या कामावर डोळे मिटून विसंबू नये. ‘वर्धा’ हा शब्द पाहा. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो: व, अर्धा र, ध, काना. कृतिदेवमध्ये रफार सर्वांत शेवटी, चित्र डोक्यावर चढवावे तसा येतो. ऱ्हस्व इकार तर उलट, व्यंजनाच्या आधीच टंकित होतो. पालटणाऱ्या साधनाला या मात्रा व रफार उचलून योग्य जागी नेऊन ठेवावे लागतात, आणि जोडाक्षरांच्या गर्दीत ते कधी कधी चुकते. म्हणून एका मुलीने मूळ फाईल वाचावी आणि दुसऱ्याने पालटलेली फाईल डोळ्यांनी तपासावी, अशी जोडी लावण्यात आली. मूळ फायली कोणी पुसल्या नाहीत. त्या एका पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवल्या गेल्या. ‘डी’ विभाग कोरा करण्याचे काम अर्थातच पुढे ढकलण्यात आले.

पालटलेल्या फायली सूचीत चढल्यावर ‘आष्टी’ शोधताच तिन्ही समोर आल्या. परंतु त्याच जागी चित्रांच्याही काही फायली होत्या. त्या शिक्षकांनी एका स्वातंत्र्यसैनिकाच्या हस्ताक्षरातील चार पृष्ठांची छायाचित्रे काढून ठेवली होती. छायाचित्रातील अक्षरे ही संगणकाच्या लेखी अक्षरेच नसतात; शाईचे ठिपके आणि भिंतीवरचा डाग यांत त्याला भेद नाही. चित्रातील छापील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी साधने आता मराठीलाही उपलब्ध आहेत आणि स्वच्छ छपाईवर ती बरेच काम करतात. थरथरत्या हाताने, पेन्सिलीने, पाठपोट लिहिलेल्या कागदापुढे ती हरतात. अशा चित्राला शोधणाऱ्याच्या हाती लागेल असे नाव देणे, हाच तेथे खात्रीचा उपाय. ‘चित्र १’ असे नाव होते, ते बदलून मुलांनी ‘आष्टी १९४२ नागपंचमी हस्तलिखित आठवण पृष्ठ १’ असे नाव दिले.

मग ती चार पृष्ठे हाताने उतरवून काढावयाचे काम सुरू झाले. एकाने वाचावे, दुसऱ्याने टाईप करावे. तिसऱ्याच ओळीवर प्रश्न आला. मुळात ‘गांवांतील लोक’ असे होते. टाईप करणाऱ्या मुलाने ‘गावातील’ असे सुधारून लिहिले. “सर, आजचा नियम असाच आहे ना?” सरांनी त्याला मूळ रूप परत लिहावयास लावले. लिहिणाऱ्याचा हात जसा होता तसाच राहू द्यावा, आणि शोधणाऱ्याच्या सोयीसाठी फाईलीच्या आरंभी ‘गाव’, ‘आष्टी’, ‘पोलीस ठाणे’, ‘१९४२’ असे आजच्या लेखनातील चार शब्द वेगळ्या ओळीत द्यावे, असे ठरले. मुलाने तसे केले आणि पुढची ओळ वाचावयास सांगितली.

अभ्यास

१. मुलीने ‘चिंचोके’ हा शब्द लिहिलेली फाईल कशासाठी तयार केली? त्यावरून तिला काय कळले?

२. ‘आष्टी’ शोधताना संगणकाचे उत्तर खोटे नव्हते, असे पाठात का म्हटले आहे?

३. पुढील शब्दांची सामान्यरूपे लिहा आणि शोधासाठी प्रत्येकाचा कोणता आरंभ द्याल ते सांगा: घोडा, खेडे, विहीर, आठवण.

४. घरातील वृद्ध माणसाचे जुने पत्र मिळवून त्यातील आजच्या लेखनाहून वेगळे लिहिलेले शब्द काढा.

५. आपल्या शाळेच्या संगणकातील पाच फायलींची नावे पाहा. दहा वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सापडाव्यात म्हणून कोणती नावे द्याल?